मधी मधी हा मास्तर कोन बोलायलाय?

बीबियाणं

मंडळी, मराठवाड्यातल्या नव्या कथेवरचा हा धागा जरा लांबणार आहे. उन्हाळ्यात दुकानात गिऱ्हाईक नसतं, त्याचा हा परिणाम समजा.

माझं औसा तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. जून-जुलैत जेवायला फुरसत नाही आणि मार्च ते मे माशा मारायच्या. त्यापेक्षा बरं म्हणून सात-आठ वर्षांपासून गल्ल्याशेजारी पुस्तक ठेवतो. बहुतेक कथासंग्रहच. कथा दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत संपते. कादंबरीत कोण कुणाचा मेहुणा ते युरियाचं बिल करेपर्यंत विसरलेलं असतं. कविता मात्र घरी, रात्री.

यंदा मायच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस टीव्ही बंद. माय शाळेची पायरी चढलेली नाही. म्हटलं रोज रात्री एक कथा वाचून दाखवू. पहिल्या दिवशी एका नव्या लेखकाचा संग्रह उघडला. नाव घेत नाही, माणूस चांगला आहे. दुष्काळ, विकायला काढलेला बैल, गप्प बसलेला बाप. आपल्याकडचं नेहमीचं. माय सुपारी कातरत ऐकत होती. संवाद आले की तीही त्यात पडायची. "अगं बैल कशाला इकायलीस, आधी ती मोटारसायकल इक की" असं पात्राला सुनवायची. मग निवेदन सुरू झालं. अंतर्मन, विषण्णता, काळवंडलेलं अवकाश वगैरे. मायचा अडकित्ता थांबला.

"मधी मधी हा मास्तर कोन बोलायलाय?"

मी आधी हसलो. नंतर बराच वेळ झोप आली नाही. जे मला इतकी वर्षं खटकत होतं आणि ज्याला नाव देता येत नव्हतं, ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. आपल्याकडच्या कितीतरी नव्या कथांत पात्रं आपल्या बोलीत बोलतात, पण बघणारा, विचार करणारा, सांगणारा दुसराच कोणी असतो. इस्त्रीचा शर्ट घालून बांधावर उभा राहिलेला. पात्राला तोंड आमचं दिलं, डोळे स्वतःकडेच ठेवले.

सोयाबीनची उगवण बघायची आमची साधी रीत आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि आठवड्यानं मोजायचे. सत्तरच्या वर उगवले तर पेरायचं. म्हटलं कथांचीही उगवण बघू.

रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' घेतली. १९७१ची कादंबरी, आमच्याच लातूर-धाराशिव भागातली बोली. सांगणारी शिंप्याची बायको स्वतःच, म्हणजे मास्तर यायला जागाच नाही. चार रात्री लागल्या. मायनं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी फक्त "बाई खरं बोलतीय" म्हणाली. मग भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल'. शाळेच्या पुस्तकातून पुष्कळांना आठवत असेल, टमाट्याला भाव मिळत नाही म्हणून बाप भर बाजारात माल तुडवतो ती. माय गप्प. थोड्या वेळानं विचारलं, "औंदा काय भाव हाय टमाट्याला?" ती कथा तिच्यासाठी संपलेलीच नव्हती.

आता गोची. तिसऱ्या खेपेला आसाराम लोमटे यांचा 'आलोक' काढला, २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कारवाला. कथा लांब, एकेक दोन रात्री पुरते. निवेदन बऱ्यापैकी प्रमाण मराठीतच. माझ्या हिशेबानं माय पहिल्या पानावर अडायला पाहिजे होती. अडली नाही! तेव्हा माझा सिद्धांत गोणपाटातच कुजला. दोष भाषेचा नसेल तर मग कशाचा? यावर बोला.

---

दुधनाकाठ

लोमटे आमच्या परभणीचे, म्हणून घरचा माणूस समजून बोलतो. तुमच्या मायनं बरोबर पकडलं, पण तुम्ही चुकीच्या बैलाला चाबूक मारताय. प्रमाण मराठीनं कुणाचं काय घोडं मारलंय?

लोमटे पत्रकार आहेत. गावात काम केलेल्या पत्रकाराला एक खोड असते. कोण काय म्हणालं याच्या आधी तो कोणाला काय मिळालं ते बघतो. त्यांच्या कथेत माणूस दुःखी आहे असं सांगत बसत नाहीत. ग्रामपंचायतीत खुर्ची कोणाला, पायरीवर कोण, फाट्यावर कोणाची जीप थांबते आणि कोणासाठी थांबत नाही, हे येतं. दुःख तुम्ही आपलं आपण काढून घ्यायचं. मास्तर म्हणजे भाषा नव्हे हो. मास्तर म्हणजे फळ्यावर उत्तर लिहून दाखवणारा.

अवांतर : मराठवाड्याची कथा म्हणजे बोलीच, हा समजही अलीकडचा. बी. रघुनाथ निजामी राजवटीत परभणीत नोकरी करत लिहीत होते. १९५३ साली अवघ्या चाळिशीत गेले. त्यांचं गद्य वाचा, प्रमाणच आहे, आणि तरी त्यातली धूळ परभणीचीच आहे.

---

पुण्यात_अडकलेला

मूळ नांदेड, सध्या हिंजवडी. मला तर कथेत बोली आली की बरं वाटतं बुवा. ऑफिसात एकदा फोनवर "यायलालाव" म्हणालो तर आजूबाजूचे सगळे हसले. पुस्तकात तोच शब्द छापलेला दिसला की छाती दोन इंच फुगते. निवेदन कोण करतंय याकडे माझं लक्षच जात नाही.

---

कोयता_क्र_७

@पुण्यात_अडकलेला, राग मानू नका, पण तुमच्यासाठीच तर हे दुकान चाललंय. बोली म्हणजे भाजीवरची कोथिंबीर. गावाकडचा वास यावा म्हणून वरून भुरभुरायची.

मी धारूर तालुक्यातला. आईवडिलांनी बावीस हंगाम ऊस तोडला, मीही आठवीपर्यंत कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, होतो. म्हणून ऊसतोडीवरची कथा दिसली की सोडत नाही. आणि बहुतेक वेळा तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतो. एका बक्षीसपात्र कथेत बाई उभ्या उसाचा शेंडा "सपासप कापत पुढं सरकते". अहो, ऊस बुडख्याशी तोडतात, जमिनीला टेकवून. खोडवा फुटायला पाहिजे आणि कारखान्याला वजनही. शेंड्याचे वाढे नंतर छाटतात. ते जनावराला, नाहीतर विकून मिठामिरचीला. मग पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. त्या फळीवर पाय कसा टाकतात हे मला कोणी एका ओळीत लिहून दाखवावं, मी त्याला बक्षीस देतो.

दुसरी गोष्ट. कोयता म्हणजे हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी. मुकादम आगाऊ उचल देतो ती जोडीवर. त्यामुळे पोराचं लग्न उरकलं की कोयता वाढतो. पोरीचं लग्न लवकर का होतं याचं उत्तर या एका शब्दात बसलंय. आणि आमचा कथाकार चार पानं परंपरेला शिव्या देत बसतो. शब्द त्याच्या हातात होता, त्यानं तो हत्यार समजून बाजूला ठेवला.

म्हणून मास्तर कोण हे मला ठाऊक आहे. ज्याला माहीत नसतं तो समजावून सांगतो. ज्याला माहीत असतं तो नुसतं नाव घेतो.

---

बीबियाणं

@कोयता_क्र_७ शेवटची दोन वाक्यं मायला वाचून दाखवली. म्हणाली, "हे पोरगं कोनाचं हाय?"

---

कवी_मनाचा

चर्चा चांगली आहे, पण सगळे कथेवरच बोलताय. मराठवाड्यात कवी किती आहेत याची कल्पना आहे का?

---

दुधनाकाठ

आहे. म्हणूनच बोलत नाही.

---

अंबाबाग

@दुधनाकाठ हा टोमणा सोपा होता. कवितेवर मी बोलते. अंबाजोगाईत वीस वर्षं शिकवते आहे.

ना. धों. महानोर यांच्या 'रानातल्या कविता' आल्या १९६७ साली. अजिंठ्याच्या डोंगरालगतचं पळसखेड, ज्वारी, पाखरं, ओलं रान. नंतर इंद्रजित भालेराव आले. 'पीकपाणी' वाचताना रानाकडे बघणारा आणि रानात राबणारा यांतला फरक कळतो. भालेरावांची कविता तर मुळात कानासाठीच असावी. मी त्यांना गच्च भरलेल्या मांडवात ऐकलंय. मागच्या रांगेतल्या, शाळेत न गेलेल्या बायका ओळ संपायच्या आत मान हलवत होत्या. @बीबियाणं, तुमच्या मायला आज रात्री भालेराव ऐकवा.

पण इथे एक अडचण सांगते. या यशानं आपल्याकडे कवितेचा एक छाप तयार झाला. काळी माय, भेगाळलेलं रान, फास, टाहो. कविसंमेलनात बापाच्या आत्महत्येवरची कविता म्हणून झाल्यावर टाळ्या पडतात आणि कवी पुढच्या टाळीसाठी शेवटची ओळ पुन्हा म्हणतो, हे मी पाहिलंय. ज्याच्या घरात खरंच ते घडलंय असा माझा एक विद्यार्थी तेव्हा उठून बाहेर गेला होता. मीही त्याच्यामागे गेले. आम्ही दोघांनी गेटवर चहा घेतला, कवितेबद्दल एक शब्द बोललो नाही.

म्हणून मी मुलांना अनुराधा पाटील यांच्यापासून सुरुवात करायला लावते. 'कदाचित अजूनही'ला २०१९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण मी पुरस्कारासाठी सांगत नाही. त्यांच्या कवितेला बोली नाही, टाहो नाही, आवाज वरच्या पट्टीत जात नाही. एक बाई घरातल्या अंधारात उभी आहे आणि तिला काय काय दिसतंय ते सावकाश सांगते आहे. पहिल्या वाचनात मुलं म्हणतात, मॅडम, यात मराठवाडा कुठाय? मी म्हणते, दुपारी साडेतीनला तुमच्या आईकडे बघा, सगळे झोपल्यावर.

आणि 'पाचोळा'त सांगणारी बाई असली तरी लिहिणारा पुरुष होता, हेही लक्षात असू द्या. बोराडे यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणते. बाईचा आवाज त्यांनी फार प्रेमानं लावलाय. पण त्यानंतर पन्नास वर्षं झाली. त्या शिंपिणीच्या नाती आता शिलाई मशीनवर नाहीत, लातूरच्या क्लासेसच्या होस्टेलवर आहेत. त्यांनी स्वतः सांगितलेली कथा मला पाहिजे.

---

पुण्यात_अडकलेला

होस्टेलचं +१. दोन वर्षं काढलीत. सहा बाय दहाची खोली, भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता, खाली मेसच्या डब्यांची रांग आणि रविवारी टेस्टचा निकाल बोर्डावर. बाप महिन्याच्या एक तारखेला एसटीनं यायचा, शेंगदाण्याची चटणी द्यायचा आणि निकालाच्या बोर्डाकडे न बघता परत जायचा. बघायचा नाही, ते मुद्दाम. हे मला आत्ता लिहिताना कळलं.

---

कोयता_क्र_७

बघा, यात कोथिंबीर नाही. लिहा की राव.

---

ग्रंथपाल_निवृत्त

तालुक्याच्या 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं काढली. माझं निरीक्षण फार साहित्यिक नाही, बोटांचं आहे.

पुस्तक परत आलं की मी कड बघायचो. आमच्या वाचकांचे हात कामाचे असतात, पानाच्या खालच्या कोपऱ्याला मळ लागतो. जिथपर्यंत कोपरा मळलेला तिथपर्यंत पुस्तक वाचलेलं. कादंबऱ्या बहुधा शेवटपर्यंत मळतात. कवितासंग्रह मधूनमधून. नव्या कथासंग्रहांत मात्र पहिल्या दोन कथा काळ्या आणि पुढचं कोरं करकरीत. प्रस्तावना तर कोणत्याच पुस्तकाची मळलेली पाहिली नाही.

अपवाद दोन आठवतात. एक 'आलोक', पूर्ण मळलेला, मधल्या एका कथेवर चहाचा गोल डागही. दुसरा बालाजी सुतार यांचा 'दोन शतकांच्या सांध्यावरच्या नोंदी'. तेही अंबाजोगाईचे, @अंबाबाग यांना माहीत असणारच. हे पुस्तक नेणारी पोरं मात्र वेगळी होती. एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसणारी, तीस-बत्तिशीची, लग्न न जमलेली. गावात परत जाता येत नाही आणि शहरानं घेतलेलं नाही, अशी. एकानं पुस्तक तीनदा नेलं. मी विचारलं, पाठ करायलास का? तर म्हणे, "काका, यात आमच्या मित्रमंडळींचं नाव तेवढं यायचं राहिलंय."

कपाटं आता स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी भरली आहेत. तक्रार नाही. त्या गाइडच्या ढिगामागेच तो पोरगा कथा लपवून वाचायचा.

---

माळवद

लोहारा तालुका. कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. दुष्काळ दुष्काळ करताना आपल्याकडचं एक मोठं घर विसरलं जातं.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. गणपती बुडवून आलेली माणसं झोपली होती. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं ते मातीचं छतच रात्री अंगावर आलं. भूकंपाच्या त्या रात्रीवर पुष्कळ कविता झाल्या, होऊ द्या. मला पाहिजे त्यानंतरची तीस वर्षं. नवं गाव म्हणजे आखलेल्या गल्ल्या, सारखी घरं, दोन घरांत एवढं अंतर की शेजारणीला हाक द्यायला उठून जावं लागतं. जुन्या गावात वाडे एकमेकांना चिकटून होते, भिंतीतल्या कोनाड्यातून विस्तव मागता यायचा. माझी आजी नव्या घरात अकरा वर्षं राहिली आणि एक रात्रही आत झोपली नाही. बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बाज. स्लॅबवर विश्वास नव्हता असं नाही, छतावरच नव्हता.

यात मास्तरला काय समजावून सांगायचं असणार? बाज बाहेर आहे, एवढंच लिहा.

---

उदगिरी

वर सगळे बोली बोली म्हणताय, पण कोणती बोली? आमच्या उदगिरात एका चौकात लातुरी मराठी, दखनी, कन्नड आणि थोडी तेलुगू एकदम ऐकू येते. माझा पंक्चरवाला एका वाक्यात चारही गावं फिरून येतो. कथेत मात्र मुसलमान पात्र आलं की ते एकतर संतासारखं शुद्ध मराठी बोलतं, नाहीतर सिनेमातलं हिंदी. दखनी "नक्को" आणि "कायकू" एवढ्यावर भागवतात.

आणि @दुधनाकाठ यांच्या मुद्द्याला जोड. एप्रिल २०२२मध्ये आमच्याकडे अखिल भारतीय संमेलन झालं, पंचाण्णवावं. ऊन असं की मंडपात पुस्तकाची कव्हरं वाकायला लागलेली. अध्यक्ष होते भारत सासणे, जन्मानं जालन्याचे. त्यांची दीर्घकथा वाचलीत तर तिथं ना बोली ना भेगाळलेलं रान. एक गूढ संध्याकाळ असते आणि माणूस स्वतःच्याच आयुष्यात वाट चुकल्यासारखा फिरतो. तेही मराठवाड्यातून आलेलं लेखन आहे की नाही? मंडपात माझ्या शेजारी बसलेले एक गुरुजी म्हणत होते, "हे आपले वाटत नाहीत." मला वाटतं आपणच आपल्यावर तो दुष्काळाचा शिक्का मारून घेतलाय, आणि मग पुण्या-मुंबईला दोष देतो.

---

दुधनाकाठ

पटलं. पण शिक्का आपण एकट्यानं मारला नाही. एक संपादक मला फोनवर म्हणाले होते, "कथा छान आहे, पण तुमच्या भागातलं काही द्या ना." कथा परभणीच्या एका दातांच्या दवाखान्यातली होती.

---

कवी_मनाचा

माझी एक कविता इथे टाकू का? दुष्काळावर नाही.

---

अंबाबाग

टाका. फक्त शेवटची ओळ एकदाच.

---

बीबियाणं

सगळ्यांचे आभार. दोन रात्रींचा हिशेब देतो आणि थांबतो.

भालेराव ऐकवले. मायनं पहिल्या कवितेलाच ताल धरला आणि तिसऱ्या कवितेला जात्यावरची स्वतःचीच एक ओवी मध्ये घुसवली. मला पुस्तक मिटून ऐकत बसावं लागलं. गंगाखेडची जनाबाई सातशे वर्षांपूर्वी दळता दळता बोलली. तिच्यात आणि जात्यात मध्ये उभं राहायला मास्तरला जागा कुठून मिळणार, असं काहीतरी मनात आलं. पण हे वाक्य जरा मास्तरी झालं, सोडून द्या.

मग @अंबाबाग यांचं ऐकून अनुराधा पाटील काढल्या. मनात धाकधूक होती. प्रमाण भाषा, मुक्तछंद, ना ताल ना पाऊस. दोन कविता वाचल्या. माय काही बोलली नाही. मी विचारलं, कळालं का? म्हणाली, "सगळं न्हाई कळालं. पर ही बाई उगं बोलत न्हाई." मग म्हणाली, पुन्यांदा वाच, सावकाश. तिसऱ्यांदा वाचताना मला स्वतःला त्यातली एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. ती इथे लिहीत नाही, कारण लिहिताना मी पुन्हा फळ्याकडे तोंड करीन.

@कोयता_क्र_७ तुम्ही म्हणालात तेच मला आता पटतंय, फक्त एक दुरुस्ती. माहीत नसलेलाच समजावतो असं नाही. माझ्यासारखा वाचकही कधी कधी मास्तरच शोधत असतो. कथेनं शेवटी काय ते सांगून टाकलं की पुस्तक मिटायला सोपं जातं. माय मिटत नाही. तिनं काल सकाळी पुन्हा टमाट्याचा भाव विचारला.

डोळ्याची पट्टी निघाली, टीव्ही सुरू झाला. रात्रीची कथा आता मालिका संपल्यावर. सोयाबीनची गाडी दारात आली आहे, बॅगा उतरवून घ्यायच्यात. राहिलेलं मृग झाल्यावर.

---

कोयता_क्र_७

गाडीत सोयाबीनचं फुले संगम वाण आलंय का? दोन बॅगा बाजूला ठेवा. आणि तो सुतारांचा संग्रह असेल तर त्याच पिशवीत टाका, गुरुवारी औशाला येतोय.